बिनहळदीची आमटी

चिमाबाईने सत्काराचा नारळ मांडीवरून उचलून पिशवीत घातला आणि पिशवीच्या बंदांना गाठ मारली. नारळाला गाठ कशाला, असं ऋतिकाने विचारलं नाही. आई बावरली की तिच्या हातांना काहीतरी बांधायला लागतं, हे तिला ठाऊक होतं. महाडच्या या सभागृहात गाद्यांच्या खुर्च्या होत्या, आणि पहाटे डोंगरातल्या कुडपणहून निघालेल्या या बाईला त्यात धड टेकूनही बसवत नव्हतं.

महाड-पोलादपूरमधून यंदा मेडिकलला लागलेल्या मुलांचा सत्कार नुकताच उरकला होता. आता डॉ. निनाद गांधारकर यांचं मार्गदर्शन होतं. निनाद म्हणजे नाक्यावरच्या हॉस्पिटलवाल्या गांधारकरांचा मुलगा. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पुढचं डॉक्टरी शिक्षण, करत होता, सुट्टीवर आला होता. व्यासपीठावरच्या टेबलाखाली एक लाकडी पेटी ठेवली होती, तीत त्याने पहिल्या वर्षाला वापरलेला हाडांचा संच होता. तो ऋतिकाला मिळणार होता, कारण निवेदकाने माइकवरून सगळ्यांना ऐकवलं त्याप्रमाणे ती दुर्गम भागातली, पितृछत्र हरपलेली आणि होतकरू होती. ते ऐकताना तिची कानशिलं तापली होती. पण हाडांशिवाय अ‍ॅनाटॉमी शिकता येत नाही आणि नवा संच तिच्या आवाक्यात नव्हता, म्हणून ती आली होती.

येताना जीपमध्ये आईने विचारलं होतं, ती हाडं कोणाची असतात. माणसाचीच, ऋतिका म्हणाली. मग त्याचं नाव लिहिलेलं असेल, असं आईला वाटलं. नसतं, ऋतिका म्हणाली.

निनाद बोलायला चांगला होता. रेसिडेन्सीचा विचार शेवटच्या वर्षी करायचा नसतो, तो सांगत होता, आत्तापासून करायचा. इथलीच पीजीची परीक्षा देणार असाल तर मार्कांवर भागेल. बाहेर जायचं असेल तर मार्क सगळ्यांनाच असतात. तुमच्या नावावर काय छापून आलंय आणि तुमच्यासाठी पत्र कोण लिहून देतंय, ते बघतात. तेव्हा सीनियर लोकांशी संबंध सांभाळा, कोणाशी वाकड्यात शिरू नका, आपलं क्षेत्र लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. ऋतिकाच्या शेजारची साक्षी, महाडच्या एका शिक्षकांची मुलगी, भराभर लिहून घेत होती. ऋतिकाही घेत होती. कार्यक्रमाआधी निनादने तिला बाजूला बोलावून सांगितलं होतं की पुढच्या रिसर्च पेपरात तिचंही नाव घालू, वेळ आली की पत्रही देऊ. असं तिला आजवर कोणीच काही देऊ केलं नव्हतं.

मग तो म्हणाला की आपल्या भागातल्या मुलांना एक मोठी सोय आहे. मुंबईत जे आजार पुस्तकातच उरलेत, ते इथे पायी चालत दाराशी येतात. लोक अडाणी आहेत, घरगुती उपाय करत बसतात, उशिरा येतात. तुमच्यासाठी हे सोनं आहे, उचलायला शिका. त्याचा स्वतःचा पहिला पेपर अशाच एका केसवर होता, वडिलांच्या हॉस्पिटलात मिळालेल्या. अमेरिकेतल्या मुलाखतीत सगळे त्याबद्दलच विचारत होते.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर एक माणूस हसत होता.

डोळ्यांवर काळी पट्टी होती आणि तिच्याखाली सगळे दात दिसतील एवढं रुंद हसू. मागच्या रांगेतली मुलं हसली. निनादही हसला, म्हणाला की त्यालासुद्धा पहिल्यांदा गंमतच वाटली होती, पण हा माणूस हसत नाहीये. धनुर्वातात जबड्याचे स्नायू आखडतात आणि चेहरा असा होतो. इतका स्पष्ट फोटो पुस्तकातही सापडणार नाही.

ऋतिकाने समोरचा दात पाहिला. कोपरा उडालेला. पट्टी डोळ्यांवर होती, दातावर नव्हती.

शेजारी चिमाबाईने पिशवी पोटाशी धरली.

"हे हायत," ती म्हणाली. एवढंच. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं.

निनादने पुढची स्लाइड आणली. त्यात उजवं पाऊल होतं. गोठ्यातला गंजका पत्रा लागून जखम, तो वाचून दाखवत होता, रुग्णाने कोणतेही उपचार घेतले नाहीत, घरच्यांनी हळद भरली, आठवड्याने दातखीळ बसल्यावर आणलं. बघा, एक साधं इंजेक्शन पुरलं असतं. पण हे लोक येतच नाहीत.

ऋतिकाच्या हातातलं पेन वहीत रुतलं. पडद्यावर, सुजलेल्या पावलावर, काळ्या दोऱ्याचे टाके स्पष्ट दिसत होते. ते टाके पडताना पाय तिने धरला होता. ती तेव्हा आठवीत होती. पत्रा लागला त्याच दिवशी आईने रक्त थांबावं म्हणून मूठभर हळद दाबली, आणि जीप करून बाबांना खाली आणलं होतं, याच शहरात, याच माणसाच्या हॉस्पिटलात. मास्क लावलेला एक तरुण डॉक्टर टाके घालता घालता कानातल्या वायरीत कोणाशी तरी बोलत होता. तो हाच की दुसरा, हे तिला आजही सांगता आलं नसतं. इंजेक्शनचं कोणी बोललंच नाही. पाय कोरडा ठेवा म्हणाले आणि घरी धाडलं. आठवड्याने पुन्हा आणलं तेव्हा कोणीतरी मोबाइलवर फोटो काढले, मग मुंबईला न्या म्हणाले, आणि माणगावच्या पुढे गाडीतच सगळं संपलं.

मुंबईला निघताना थोरल्या गांधारकरांनी आईला सांगितलं होतं, तुम्ही हळद भरलीत, त्यानं झालं. डॉक्टरच तो, खोटं कशाला बोलेल, असं आईला वाटलं. तेव्हापासून चिमाबाईच्या घरात हळद आली नाही. आमटी पांढरी, भाजी पांढरी. पाहुणे आले तर शेजारच्या सुंदराबाईकडून त्यांच्यापुरती आमटी यायची. बारावीला बायोलॉजीच्या पुस्तकात धनुर्वात वाचून ऋतिकाने आईला समजावलं होतं की ते जंतू मातीत, शेणात, गंजक्या पत्र्यावर असतात. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुला काय कळतंय, डाक्टर बोलले ना.

संताप तिला नवा नव्हता. इतकी वर्षं तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं, म्हणून कधी आईवर निघायचा, कधी पांढऱ्या आमटीवर. आता तो माणूस समोर उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, हातात रिमोट घेऊन. एका माणसाचं मरण वापरून हा समुद्रापलीकडे गेला होता आणि वर त्याच माणसाला अडाणी म्हणत होता. आणि तिला पुढच्या पेपरात नाव देणार होता.

प्रश्न विचारा, निवेदक म्हणाला. साक्षीने पेपर कुठे पाठवायचा ते विचारलं. मग ऋतिकाने माइक मागितला. तिने साक्षीच्या वहीकडे एकदा पाहिलं. कोणाशी वाकड्यात शिरू नका, याखाली साक्षीने रेघ मारली होती.

"सर, पायाची स्लाइड पुन्हा लावता का?"

त्याने आनंदाने लावली.

"हे टाके कोणी घातले?"

निनादने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. गावाकडचा कोणी वैदू वगैरे असेल, तो म्हणाला.

"नाही सर. तुमच्या हॉस्पिटलात घातले, पत्रा लागला त्याच दिवशी. पाय मी धरला होता. पेशंटचं नाव महिपत शेलार. माझे वडील."

पहिल्या रांगेतले थोरले गांधारकर चष्मा पुसू लागले. निवेदकाने घाईघाईने दुसरा माइक उचलला आणि वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागेल, असं सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात चिमाबाई उभी राहिली. पिशवी अजून पोटाशीच होती.

"डाक्टर," ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसतं विचारणं होतं. "मंग त्ये हळदीनं नाय झालं?"

निनादने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी वर पाहिलं नाही.

"मावशी, आपण नंतर बोलू," तो म्हणाला, आणि त्याने लॅपटॉप मिटला. पडदा पांढरा झाला.

चिमाबाई बसली नाही. ती लेकीकडे वळली.

"तू सांग गो."

कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. ऋतिकाने अजून एक हाडदेखील हातात घेतलं नव्हतं. माइक तिच्या हातात तसाच चालू होता.

"नाय, आये," ती म्हणाली. "हळदीनं नाय झालं. इंजेक्शन दिलं नाय, त्यानं झालं."

चिमाबाईने मान हलवली, दवाखान्यात गोळ्या कधी घ्यायच्या ते ऐकताना हलवायची तशी.

आभारप्रदर्शन झालं, पेटीचा उल्लेख कोणी केला नाही. लोक खुर्च्या सरकवत उठू लागले तेव्हा ऋतिका पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली, टेबलाखाली वाकली आणि पेटी ओढून बाहेर काढली. निवेदक काही बोलणार होता. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो फुलांचे गुच्छ आवरायला लागला. पेटी जड होती. खाली आल्यावर आईने तिची एक बाजू धरली.

बाहेर पडून दोघी रस्त्याकडेने एसटी स्टँडकडे चालू लागल्या. हात अवघडला तशी चिमाबाईने बाजू बदलून घेतली.

"पोलादपुरात जीप सुटायला टाइम असंल ना," ती म्हणाली. "बाजारात जाऊन येऊ. हळद घ्यायची हाय."