माझ्याकडून झाली

त्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. गाडीचं काम संपलं की ज्याने त्याने आपल्या भागावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "माझ्याकडून झाली." फिटर बॉनेटवर हात ठेवायचा, रंगारी दारावर आणि कुशनवाला सीटच्या पाठीवर. तिघांनी म्हटलं की गाडी फाटकाबाहेर. मालक पुन्हा विचारायचा नाही, आणि एकाचं काम दुसऱ्याने उघडून बघायचं नाही. रंगाऱ्याने एकदा सहज म्हणून चाकाच्या नटाला पाना लावून पाहिला, तर फिटरने हत्यारांची पेटी उचलली आणि सरळ घरी गेला. त्याला परत आणायला रंगाऱ्याला त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं होतं.

कुशनवाल्याला सगळे दाजी म्हणत. खरं म्हणजे ते एकट्या फिटरचे दाजी. फिटरची थोरली बहीण त्यांच्या घरात. पण फिटर दिवसभर "दाजी, दाजी" करायचा, ते ऐकून रंगाऱ्याने उचललं, मग मालकाने, मग गिऱ्हाइकांनीसुद्धा. एक गिऱ्हाईक तर त्यांच्या वडिलांच्या वयाचं होतं, तेही दाजीच म्हणायचं.

"एवढे मेव्हणे असलेला माणूस जगात मी एकटाच," दाजी म्हणायचे. "आणि सासरा मात्र एकच, त्यानेही काही दिलं नाही."

यावर फिटर बॉनेटखालून ओरडायचा, "ताई दिली की! अजून काय पाहिजे होतं?"

असं हसतखेळत आयुष्य गेलं. दाजींनी नाना तऱ्हेच्या गाड्यांना सीटा शिवल्या. काम झालं की सीटवर बसायचं, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे कलून पाहायचं, जरा उसळी मारायची आणि उतरायचं. लोकांच्या इतक्या गाड्यांत बसलेला माणूस, पण प्रत्येक वेळी गाडी उभीच असायची. मग गिऱ्हाईक चावी फिरवायचं आणि दाजी फाटकाशी उभे राहून आपली शिलाई दूर जाताना बघायचे.

उतारवयात बोटं आखडली. जाड चामड्यातून सुई ओढवेना. तेव्हा दाजींनी शिलाईचं मशीन विकलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "मी गाडी घेणार आहे. विलायती. दोन सीटांची."

बायको धुणं वाळत घालत होती. तिने हातातली चादर झटकली.

"दोनच? मग पोरीचा संसार आला की कुठे बसवायचा, बॉनेटवर?"

"पोरगी वर्षातून एकदा येते."

"आणि आपण कितीदा जातो कुठे? काय हो, या वयात सवत आणताय, तीही सेकंडहँड."

"नवी परवडत नाही," दाजी म्हणाले, आणि तिला हसू आलं. ते हसणं म्हणजेच होकार, हे इतक्या वर्षांत दाजींना कळत होतं.

गाडी फिटरनेच सुचवली. त्याच्या जुन्या ओळखीचा एक दातांचा डॉक्टर ती विकत होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. गडद हिरवा रंग, तारांची चाकं, कापडी टप, आणि नाक इतकं लांब की वळणावर गाडी आधी पोचावी आणि माणूस मागून.

"चाललीय किती?" दाजींनी विचारलं.

डॉक्टर हसले. "खूप. मीटरने पूर्ण फेरी मारून पुन्हा शून्यापासून सुरुवात केलीय."

"म्हणजे आपल्यासारखंच. म्हातारपणी पुन्हा बाळ," दाजी म्हणाले. पण त्यांचं लक्ष बोलण्यात नव्हतं. दार उघडून ते खाली वाकले होते. सीटचं चामडं भेगाळलेलं होतं, पण शिलाई मूळची होती. त्यांनी कडेच्या गोल पायपिंगवरून अंगठा फिरवला. एकही टाका उसवलेला नाही. सीटखाली हात घातला तर आत अजून घोड्याचे केस भरलेले, फोम नव्हे. कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात कुणीतरी कुशनवाल्याने, आता तो जिवंतही नसेल, हे भरून, दाबून, शिवून ठेवलं होतं. दाजींना वाटलं, ज्याने सीट अशी केली त्याच्या शेजारी बसून इंजिन करणारा वाईट काम कसं करेल? ते सगळ्या कारखान्यांना आपल्या वर्कशॉपसारखंच समजत होते.

फिटरने बॉनेट उघडलं. दाजींनी रीतीप्रमाणे पाठ फिरवली आणि शेडच्या भिंतीवरच्या पाली बघत राहिले. इंजिन सुरू झालं. जड, खर्जातला आवाज. फिटर थोडा वेळ ऐकत होता. मग त्याने इंजिन बंद केलं, बॉनेट खाली घेतलं आणि कमरेने एक खास धक्का देऊन ते बसवलं.

"हात काळे झालेत," तो पुसणं शोधत म्हणाला. "गाडी चांगली आहे, दाजी. वयाच्या मानाने चांगली आहे."

"घेऊ?"

"तुमची हौस आहे. घ्या."

दाजी तोवर पुन्हा दाराशी वाकून पायपिंगच चाचपत होते. त्यांनी घेतली.

पुढचे काही दिवस बायकोने त्यांना अंगणातच जेवायला वाढलं असतं तरी चाललं असतं. दाजींनी चामड्याला तेल पाजलं, भेगा भरल्या, आखडलेल्या बोटांनी शेजारच्या सीटची एक बाजू खोलून पुन्हा शिवली. बायकोचा डावा गुडघा दुखायचा, म्हणून त्या बाजूला भराव जरा चढता केला. हे त्यांनी तिला सांगितलं नाही. ती बसली आणि म्हणाली, "अगंबाई, बरं वाटतंय की," तेव्हा ते फक्त चावी चाचपत राहिले.

रविवारी सकाळी दोघं निघाली. टप खाली. बायकोने डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानातून हात केला. शेजारीण गॅलरीत येऊन बघत उभी राहिली आणि बायकोने तिच्याकडे बघायचं टाळलं, म्हणजे तिला नीट बघता यावं. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला. दाजींनी गिअर बदलला आणि गाडीने अशी ओढ घेतली की बायकोने दाराची कड धरली.

"हळू हो! दात पडतील, आणि दातांचा डॉक्टर तर आपले पैसे घेऊन मोकळा झालाय."

दाजी मोठ्याने हसले. आपण बसलोय आणि सीट चालतेय. एवढंच त्यांच्या मनात होतं.

टेकडीच्या चढाला पोचली तेव्हा इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकला. मग बॉनेटच्या दोन्ही कडांमधून वाफ यायला लागली आणि गोडसर जळका वास. दाजींनी गाडी कडेला घेतली. इंजिन स्वतःच्याच मर्जीने एकदोनदा खोकलं आणि मेलं.

"उघडा की ते," बायको म्हणाली.

"नको. फिटर बघेल."

"अहो, धूर येतोय!"

"वाफ आहे. ते त्याचं काम आहे. मी कसं उघडू?"

येणारेजाणारे थांबले. प्रत्येकाने तेच सांगितलं, बॉनेट उघडा. दाजी बॉनेटला पाठ लावून, उन्हात, चटका बसत असताना उभे राहिले. एका पोक्त माणसाने पुढे हात घातला तेव्हा ते त्याच्यावर खेकसले, "हात लावू नका! यात माझ्या मेव्हण्याचा शब्द आहे." माणूस बायकोकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, यांना सावलीत बसवा."

शेवटी गाडी ओढून नेणारा ट्रकवाला आला. साखळी लावायला तो खाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलला.

"काका, ब्लॉकला चीर आहे. इंजिनाचं अंगच फुटलंय. वरून चीर बुजवायचा मसाला भरून रंगवलं होतं, तो सुटून लोंबतोय. जुनं दुखणं आहे हे, आजचं नाही."

"फिटरने पाहिलं होतं इंजिन."

"मग त्याला दिसलं असणार."

"नसेल दिसलं. सुटतं कधी कधी नजरेतून."

ट्रकवाला बाहेर आला, हात झटकले. "हे लपवणाराही जाणता आहे, काका. काम सफाईदार आहे. मला खालून दिसलं म्हणून, वरून मीही फसलो असतो."

परतीच्या वाटेवर दाजी ट्रकमध्ये बसून तेच म्हणत होते. बिचाऱ्याला दिसलं नसणार. वरून दिसतच नाही, ट्रकवालाच म्हणाला. त्याला सांगायचं कसं? मनाला लावून घेईल. बायको मधे बसली होती, गुडघा चोळत. आपल्या भावाला ती दाजींच्या आधीपासून ओळखत होती.

दुपारी फिटर हत्यारांची पेटी घेऊन आला. गाडी अंगणात उभी होती. बायको चहा टाकायला आत गेली.

"लावून घेऊ नकोस," दाजींनीच सुरुवात केली. "वरून मसाला मारलेला होता म्हणे. कुणालाही दिसला नसता."

फिटर गाडीकडे बघत होता. मग म्हणाला, "मसाला मीच भरलाय, दाजी."

दाजींना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"डॉक्टर म्हणाला, विकण्यापुरती चालती कर. केली. दुसरा ब्लॉक मिळत नाही या गाडीला. मी काय करू?"

"मग मला का दाखवलीस?"

"तुम्ही विलायती, विलायती करत होता. शहरात ती एकच होती."

"तू सांगितलंस, चांगली आहे."

"वयाच्या मानाने म्हटलं." फिटरने मान वर केली. "मी 'माझ्याकडून झाली' म्हटलं का? आठवा. बॉनेटवर हात ठेवला का मी? नाही ठेवला. आपल्या रीतीला मी बट्टा लावलेला नाही."

दाजींना पुसणं शोधणारे ते काळे हात आठवले. कमरेचा धक्का आठवला. आपण तेव्हा पायपिंगवर अंगठा फिरवत होतो, हेही आठवलं.

"मी विचारलं असतं तर?"

"तर सांगितलं असतं. तुमच्या गळ्याची शपथ, सांगितलं असतं. मी वाट बघत होतो. तुम्ही सीटखाली हात घालून बसलात." फिटरचा आवाज चढला. "सगळे तेच करतात. आयुष्यभर इंजिनं उभी केली मी, आणि गिऱ्हाईक येऊन सीटवर हात फिरवणार, वा दाजी, वा दाजी. गाडी सीटवर चालते का? एकदा तरी तुम्ही पाठ न फिरवता विचारायचं होतं, काय रे, आत काय आहे?"

"पाठ मी तुझ्या मानासाठी फिरवत होतो."

"मानासाठी," फिटर म्हणाला. "मला वाटायचं, तुम्हाला बघायचंच नसतं."

दाजी पायरीवरून उठले. गाडीचं दार उघडून आत हात घातला आणि डॅशबोर्डखालची खिट्टी ओढली. खट्ट आवाज झाला.

"दाजी," फिटर म्हणाला. "दाजी, नका."

ती फिटरची गाडी नव्हती. तो त्यात शब्दही देऊन बसलेला नव्हता. तरीही त्याचा चेहरा पांढरा पडला. दाजी पुढे गेले, दोन्ही हात कडेखाली घातले आणि बॉनेट उचललं. ते मगरीच्या जबड्यासारखं पुढच्या बाजूला उघडलं.

फिटरने पेटी उचलली. फाटकाचा आवाज झाला, तेव्हा बायको तीन कप घेऊन दारात आली होती.

"चहा न घेता गेला?"

दाजी आत बघत होते. नळ्या होत्या, तारा होत्या, तेलाने माखलेलं लोखंड होतं. एका बाजूला राखाडी मसाल्याचा तुकडा लोंबत होता, कडा अंगठ्याने छान गुळगुळीत केलेल्या. तेवढंच त्यांना ओळखता आलं. काम चांगलं होतं. बाकी काय कुठे जोडलंय, कशासाठी आहे, काही कळत नव्हतं. उभं आयुष्य हे सगळं त्यांच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर चाललेलं होतं.

बायकोने ट्रे पायरीवर ठेवला आणि शेजारी येऊन उभी राहिली.

"काय दिसतंय?"

"इंजिन."

"त्याने केलं हे?"

दाजींनी होकाराची मान हलवली. तिने विचारायचं तेवढंच विचारलं आणि भावाच्या कपातला चहा कुंडीत ओतला.

ऊन उतरल्यावर दाजींनी बॉनेट खाली घेतलं. ते बसेना. त्यांनी हाताने दाबलं, मग कमरेने धक्का देऊन पाहिला, मग बायकोनेही दुसऱ्या बाजूने जोर लावला. बोटभर फट राहिलीच. त्या धक्क्याची खुबी एकट्या फिटरला माहीत होती. दाजींनी घरातून जाड दोरा आणला, कडेला आकड्यापाशी गुंडाळला आणि आखडलेल्या बोटांनी गाठ मारली. ती गाठ तरी पक्की बसली.