उरलेल्या गोळ्या

अर्धी लाल, अर्धी काळी. आणि लाल अर्ध्यावर पिठाचा बारीक थर — ज्वारीच्या पिठाचा, म्हणजे पुडी बांधताना आईनं हात धुतले नव्हते, किंवा धुऊन पुन्हा परातीत घातले होते... सुकन्यानं ती कॅप्सूल दोन बोटांत धरून खिडकीकडे नेली, प्रयोगशाळेत काचपट्टी धरतात तशी. आत दिसण्यासारखं काही नव्हतं. पुडीत तशाच आणखी काही होत्या, डॉक्टरनं सुट्या दिलेल्या, वर्तमानपत्राच्या तुकड्यात देवळातल्या अंगाऱ्यासारख्या गुंडाळलेल्या.

सकाळी स्टँडवर वाहकाच्या हातून डबा घेताना तिला वाटलं होतं, नेहमीचंच असणार — कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी. परवा फोनवर तिचा बसलेला घसा आईनं ऐकला होता, आणि काहीच म्हणाली नव्हती. आई कधीच काही म्हणत नाही; ती पाठवते.

पण या कॅप्सूल सुकन्याच्या ओळखीच्या होत्या. दिवाळीत घरी गेली तेव्हा आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून जखम चिघळलेली. आईला शुगर, म्हणून तिनंच हट्टानं तालुक्याला नेलं होतं. किती दिवस द्यायच्या, कधी द्यायच्या, सगळं तिनंच डॉक्टरला विचारून घेतलं होतं आणि तो हसून म्हणाला होता, "मायक्रोबायोलॉजी का?" परतताना एसटीत तिनं आईला बजावलं होतं, की बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या. आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती, "व्हय."

त्या संपल्या नव्हत्या. त्या इथे होत्या, वसतिगृहाच्या खाटेवर, चटणीच्या वासासकट.

"काय गं डॉक्टरीण," पलीकडच्या खाटेवर वेणी घालता घालता अर्शी म्हणाली. ती तिची खोलीतली सोबतीण, एम.कॉम.ची. "आईनं दवा पण धाडली? नशीबवान आहेस. माझी अम्मी नुसती दुआ धाडते."

"तिच्या आहेत या. तिनं अर्ध्यावर सोडल्या."

"मग खा की! आज सेमिनार तुझा. परीक्षकापुढं कावळ्यासारखी बोलणार काय?" मग तिला काही आठवलं आणि ती हसत सुटली. "हौ, विषयच तुझा तो! मी तर तुला सगळं खरं सांगितलेलं बाबा. अ‍ॅझीच्या गोळ्या आणायच्या, ताप उतरला की बाकीच्या पर्समध्ये. पुढच्या पेपरला लागतात."

खरंच सगळ्यांनी खरं सांगितलं होतं. विद्यार्थी प्रतिजैविकं कशी घेतात, हा सुकन्याचा प्रकल्प. वर्षभर ती मुलामुलींना विचारत हिंडली होती, आणि कुणी लपवलं नव्हतं, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. सर्दीवर चालत नाहीत, माहीत आहे. अर्धवट सोडू नयेत, माहीत आहे. जंतू निर्ढावतात, तेही माहीत — आणि मग पर्स उघडून दाखवायचे: ही घशाची, ही पोटाची, ही मैत्रिणीनं दिलेली. विज्ञान शाखेच्या मुलींना नावं जास्त येत होती, म्हणून त्यांच्या पर्सही जास्त भरलेल्या. आणि मी? मीही गेल्या वर्षी ताप उतरल्यावर उरलेलं पाकीट घरी फळीवर ठेवून आलेच की... तिनं पुडी मिटली, पुन्हा उघडली, आणि फोन लावला.

"आई, ह्या टाचेच्या गोळ्या न्हवं?"

"व्हय की. राखून ठिवल्या. तुजा घसा बसलाय न्हवं? सकाळच्याला एक, सांजच्याला एक. उपाशीपोटी खाऊ नगंस."

"अगं, तुला संपवायला सांगितलं होतं ना!"

"बरं झालं की मला. बऱ्या माणसानं कशापायी औषध खायाचं? आन् टाकू व्हय उकिरड्यावर? मागल्या साली तू फळीवर ठिवून गेल्तीस, त्यातली कोकराला घातली. मान टाकली हुती त्यानं. आता यिऊन बघ, रेडकागत झालंय."

इकडे वर्षभराचे आलेख, टक्केवारी, गाइड मॅडमनी तीनदा तपासलेला निष्कर्ष — आणि पलीकडे एक जिवंत कोकरू, उड्या मारणारं. तरी सुकन्या सांगत राहिली. सोपं करून सांगितलं: कच्चे जंतू आधी मरतात, चिवट ते मागं राहतात, मग त्यांचीच पिल्लावळ, मग कुठलंच औषध त्यांना जुमानत नाही. बोलताना घसा चिरत होता. आईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मागं मेंढरांची बें बें, कुणाची तरी हाळी. संपल्यावर आई म्हणाली, "व्हय." तलाठ्याला म्हणते तसं, बँकेतल्या माणसाला म्हणते तसं — तुमचं बोलून झालं, एवढाच त्याचा अर्थ.

"टाच दुखतेय का अजून?"

"कायबी दुखत न्हाय बग. आज तळ हलिवतुय, नदीकडं. तुजं आण्णा मेंढरं घिऊन गेलं बी म्होरं. मी बी निगाले. तू खा वेळंवर."

दुखत नाही. सुकन्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. जखम भरत असणार. चला, एवढं तरी... आणि तिनं पुडी उशीखाली सरकवली, आंघोळीला गेली, इस्त्रीचा ड्रेस घातला, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या.

सेमिनार बरा चालला होता. आवाज खरखरत होता, पण शेवटपर्यंत टिकला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "म्हणजे यांना सगळं माहीत आहे. तरी अर्ध्यावर का सोडतात?"

उत्तर तिला पाठ होतं. "सर, लक्षण गेलं म्हणजे रोग गेला, असं वाटतं. ताप उतरतो. दुखायचं थांबतं, म्हणून..."

दुखायचं थांबतं.

समोरच्या रांगेत गाइड मॅडम मान हलवून पुढे बोलायला सुचवत होत्या. सुकन्याला मात्र आईची चप्पल दिसत होती — दिवाळीतली, आतून रक्तानं चिकट झालेली, आण्णांनी, तिच्या वडिलांनी, उचलून दाखवलेली. कारण काटा मोडल्याचं आईला कळलंच नव्हतं. मुळात कधी दुखलंच नव्हतं. शुगरमध्ये पायाच्या नसा आधी मरतात, जखम आत हाडापर्यंत गेली तरी माणूस तीवर पाय देऊन चालत राहतो — हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसह. आणि आज सकाळी तीच, ती स्वतः, ते दोन शब्द ऐकून हलकी झाली होती... ऐकायचं होतं तेच ऐकलं. अकरा वाजता सेमिनार होता ना.

"...म्हणून थांबवतात," ती म्हणाली.

"छान. म्हणजे जनजागृती हवी," परीक्षक म्हणाले. टाळ्या वाजल्या.

व्हरांड्यात येऊन तिनं फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. आण्णांचा लावला, तोच गोड, निर्विकार बाईचा आवाज. आत्ता निघाले तर सांजपर्यंत गावात — पण गावात कोण? मेंढरांच्या तळाला पत्ता नसतो; आज या रानात, उद्या त्या. नदीकाठ म्हणजे कुठला काठ? गावातल्या कुणाला फोन करायचा म्हटला तरी सांगायचं काय — माझ्या आईला दुखत नाहीये, धावा? आणि त्यांनी गाठलंच तिला, तर ती हसून तेच सांगेल, आणि तेही हसून परत फिरतील, शिकलेली पोर उगाच घाबरते म्हणत. आई चालत असेल. या क्षणी, ढेकळांतून, टाच पूर्ण टेकवून, मजेत...

"ताई?"

पहिल्या वर्षाची कुणी मुलगी होती. गालाला ओढणी दाबून धरलेली, डोळ्यांत पाणी.

"तुमचाच सेमिनार हुता न्हवं? माजी दाढ धरलीय. अर्धं पाकीट हाय माज्याकडं, पण त्यातली घिऊ का दुसरी आणू? नाव सांगा की."

"फार दुखतंय?"

"लई, ताई. डोस्कं फुटतंय. रातभर नुसती बसून हाय."

"बरं आहे," सुकन्या म्हणाली.

मुलगी तिच्याकडे बघत राहिली, आपली चेष्टा झाली की काय अशा नजरेनं. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, डॉक्टरकडे जा म्हणायला हवं होतं, ओठ हललेही. पण सुकन्या त्या सुजलेल्या, तापलेल्या, ओरडून सगळं सांगणाऱ्या गालाकडेच बघत होती. ही एवढी कळ ओंजळीत उचलून आईच्या टाचेपर्यंत नेता आली असती तर... पण नेऊन ठेवायची कुठे, कुठल्या वाटेवर, हे तिला कुणालाच विचारता आलं नसतं.