दोन डाव्या बाह्या

मास्तरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पालथा घातला आणि त्यावर मोठी कात्री ठेवली. कटिंगचं टेबल आणि भिंत यांच्यामध्ये त्या बसल्या होत्या, आणि बाहेर पडायच्या वाटेत मुलगा उभा होता.

"लपवून आकडा उतरत नाही, आई."

"लपवतंय कोण? वाऱ्याने उडेल म्हणून कात्री ठेवली."

पंखा बंद होता. मुलाने कागद ओढून घेतला.

"टीएसएच अठरा. चारच्या आत पाहिजे. मागच्या वेळी अकरा होता. वाढतोय म्हणजे थायरॉईडची गोळी पोटात जात नाही. डॉक्टरांनी मलाच विचारलं, रोज घेतात ना?"

"रोज घेते. उपाशीपोटी, घड्याळाच्या ठोक्याला."

"मग परवा तंद्रीत त्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या कुणी कापल्या?"

चाळीस वर्षांच्या शिवणकामात असं झालं नव्हतं. मास्तरीणबाई खडूचं टोक नखाने खरवडत राहिल्या.

उत्तर त्यांच्याकडे होतं. सकाळीच औषधाच्या दुकानदाराने विचारलं होतं, थायरॉईडची गोळी कशाबरोबर घेता म्हणून. "बशीत दोन असतात, एक ही आणि एक गुडघ्यांची, कॅल्शियमची. एकदाच घोट, एकदाच कटकट," त्या म्हणाल्या होत्या. तो हसला नाही. "कॅल्शियम हिला अंगी लागू देत नाही, बाई. मध्ये चार तास तरी जाऊ द्या. एकत्र घ्यायला सांगितलं कुणी?"

"आमच्या सुनेला माझ्या गुडघ्यांचं फार पडलंय," त्यांनी ऐटीत सांगितलं होतं. परत येताना वाटभर त्यांनी दुकानदाराचं ते कॅल्शियमचं वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. मुलाचं तोंड एका दमात बंद झालं असतं.

"आणि तू गं?" मुलगा दाराकडे वळला. पाण्याचा पेला घेऊन सून तिथे उभी होती. "साधी एक गोळी, तेवढंही लक्ष ठेवता येत नाही?"

तिने पेला दोन्ही हातांनी धरला. मागे सुनेच्या हातून इस्त्रीने एक कॉलर जळली, तेव्हा तो तीन आठवडे तिच्याशी बोलला नव्हता. बापाचा आवाज पोराच्या गळ्यात येऊन बसलाय, हे मास्तरीणबाईंना तेव्हाच कळलं होतं.

त्यांनी वाक्य गिळलं. ते मात्र सरळ पोटात गेलं.

"तिला कशाला मध्ये घेतोस? मीच विसरते. आठवड्यातून दोन-तीनदा."

"आत्ता म्हणालीस, रोज घेते."

"तेही विसरले."

मुलाने कात्री उचलली. "यापुढे कटिंग मी बघेन. तू काजं-बटणं कर." कात्री कपाटात गेली, किल्ली त्याच्या खिशात.

तो बाहेर गेल्यावर सून पुढे आली. "आई, तुम्ही रोज घेता. मीच देते की हातात."

मास्तरीणबाईंनी बटणांचा डबा उघडला. "गुडघ्यांची गोळी उद्यापासून रात्री जेवल्यावर देत जा. सकाळी दोन्ही बरोबर घेतल्या की अडकतात."

सुनेने पेला खाली ठेवला. मग तिने सुई घेतली, दोरा ओवला आणि सासूपुढे धरला.

मास्तरीणबाईंनी दोरा ओढून बाहेर काढला आणि पुन्हा स्वतः ओवायला घेतला. तिसऱ्या खेपेला गेला.