सव्वापंधरा सेंटिमीटरचा नेम

मला पहिल्यांदा टेबलावर ताणून बसवलं, त्या दिवशी मी मनाशी एक नेम केला होता. कुणाची बाजू घ्यायची नाही आणि मान झुकू द्यायची नाही. केलेला नेम बोलून दाखवू नये म्हणतात. पण आता इतकी वर्षं तो पाळलाय, की सांगितला तर देव रागावणार नाही.

मी जाळी बोलतेय. टेबल टेनिसची जाळी. निळ्या दोऱ्याची, वरच्या काठाला पांढरी पट्टी असलेली. उंची सव्वापंधरा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सहा इंच. तुमच्या स्वयंपाकघरातला तांब्यासुद्धा माझ्याहून उंच असेल. तरी भले भले माझ्यापुढे घाम पुसतात!

आधी माझं घराणं सांगते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, एका थंड, पावसाळी देशात लोकांना बाहेर हिरवळीवर टेनिस खेळता येईना. मग जेवणं उरकली की त्यांनी जेवणाच्याच टेबलावर खेळ मांडला. म्हणतात, मधोमध पुस्तकं उभी करून ठेवायची, डब्याचं झाकण हातात घ्यायचं आणि बाटलीचं बूच टोलवायचं. म्हणजे माझी पणजी पुस्तकांची रांग होती. शिकलेलं घराणं आहे आमचं, उगाच नाही!

पुढे बूच जाऊन सेल्युलॉइडचा हलका, पोकळ चेंडू आला. त्याच्या टकटक आवाजावरून खेळाला पिंगपाँग म्हणू लागले. पण ते नाव एका व्यापाऱ्याच्या मालकीचं होऊन बसलं, म्हणून जगाने टेबल टेनिस हे नाव धरलं. १९२६ साली जागतिक संघटना झाली. १९८८ला ऑलिंपिकमध्ये मान मिळाला. बॅटला रबर लागलं, मग स्पंज लागला. चेंडू अडतीस मिलिमीटरचा चाळीस झाला. एकवीस गुणांचा डाव अकरावर आला.

आम्ही जाळ्या मात्र एकदाच बदललो. पूर्वी आम्ही थोड्या उंच होतो. त्यामुळे कुणी जोरात मारायलाच धजेना, नुसतं इकडून तिकडे ढकलत बसायचे. एकदा तर एका गुणासाठी दोन तासांच्या वर खेळ चालला. पंचाचीसुद्धा मान अवघडली म्हणे! तेव्हा खेळ जगावा म्हणून आमच्या घराण्याने उंची कमी करून घेतली. ती झुकणं नव्हे हं. मोठ्या बाईने धाकट्यांसाठी बाजूला सरकून जागा करून द्यावी, तसं ते होतं.

माझा स्वतःचा जन्म एका छोट्या कारखान्यातला. पांढरी पट्टी शिवणाऱ्या बाईंनी टाका वाकडा गेला म्हणून ती दोनदा उसवली. "जाऊ दे गं, कोण बघतंय?" शेजारची म्हणाली. "बघायला कशाला हवं, चेंडूला कळतं," असं म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा शिवली. तो संस्कार घेऊनच मी बाहेर पडले.

मला नेलं एका इस्पितळात. तळमजल्यावर कर्मचाऱ्यांची एक खोली होती. तिथे नऊ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट उंच असं हिरवं टेबल. त्याच्या मधोमध माझं घर. धुलाई विभागातल्या मावशींनी मला बांधलं. दिवसभर चादरी ताणून घड्या घालणारे ते हात! असं ताणलं की माझ्यात एक सुरकुती राहिली नाही.

उंची मोजायला दर वेळी मोजपट्टी कुठे शोधायची? मावशींनी आपल्या ॲप्रनच्या नाडीवर शाईने सव्वापंधरा सेंटिमीटरवर खूण करून ठेवली होती. रोज खेळाआधी नाडी सोडायच्या, माझ्या शेजारी उभी धरायच्या, पट्टी खुणेला टेकली की पुन्हा कमरेला खोचायच्या. सोमवारी कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायच्या. लेकीचे केस धुवावेत, तसं.

मावशींनी किती जणींना खेळ शिकवला! एक नवी परिचारिका सर्व्हिस करताना चेंडू मुठीत धरायची.

"मूठ उघड गं! तळहातावर ठेव, वीतभर वर उडव आणि खाली येताना मार. समोरच्याला दिसला पाहिजे. चेंडू आहे, चोरीचा माल नाही."

"आणि जाळीला लागून गेला तर?"

"सर्व्हिस आधी आपल्या बाजूला, मग पलीकडे पडली पाहिजे. जाळीला घासून नीट पलीकडे पडली तर पुन्हा करायची. खेळ सुरू झाल्यावर घासून गेला तर चालतो. पण गुण मिळाला तरी हात वर करून माफी मागायची."

"नियम आहे?"

"नियम नाही, रीत आहे. जाळीच्या कृपेने मिळालं, म्हणून तिला नमस्कार."

हे ऐकून मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

मग एक वर्ष असं आलं, की कागदपत्रं ठेवायला इस्पितळात जागा उरेना. हेडक्लार्कना, सगळे त्यांना फाईलभाऊ म्हणत, आमची खोली हवी होती. माणूस वाईट नव्हता. स्वतः रोज खेळायचा. पण फायली जिन्यावर येऊन बसल्या होत्या. मोठ्या डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "तुम्ही दोघं खेळूनच ठरवा. मावशी जिंकल्या तर खोली खेळाची, भाऊ जिंकले तर फायलींची."

त्या दुपारी खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कंपाउंडर पंच झाले. मावशींनी नाडी सोडून मला मोजलं, पण तेवढ्यात कुणीतरी "मावशी, चला!" म्हणून घाई केली आणि नाडी खोचायची राहून गेली.

पाच डावांचा सामना. दोन डाव मावशींचे, दोन भाऊंचे. पाचव्यात मावशी दहा, भाऊ नऊ. अकरा झाले की खोली वाचली. मी वाचले. माझा जीव पट्टीशी आला होता. पण नेम म्हणजे नेम.

भाऊंची सर्व्हिस मला घासून गेली. "लेट!" कंपाउंडर म्हणाले. पुन्हा सर्व्हिस. आठ-दहा टोले झाले आणि भाऊंनी चेंडू हळूच माझ्या पायाशी टाकला. मावशी झेपावल्या, बॅटच्या टोकाने उचलला. चेंडू पलीकडे पडला, पुन्हा टप्पा घेऊन खाली घरंगळला. खोलीत एकच जल्लोष! परिचारिकांनी मावशींना मिठी मारली.

पण मावशी वाकल्या, तेव्हा चेंडू अजून खेळात होता. आणि त्यांची सुटलेली नाडी माझ्यावरून फिरली होती. खेळ चालू असताना अंगावरचं काहीही जाळीला लागलं, तर गुण समोरच्याचा. कुणी पाहिलं नव्हतं. मला कळलं होतं. ज्या नाडीने मला रोज मापलं, तिचा स्पर्श मी ओळखणार नाही होय?

मावशींनी मिठी सोडवली. हात वर केला.

"लागली," त्या म्हणाल्या.

"काय लागली?"

"नाडी. जाळीला. गुण भाऊंचा."

फाईलभाऊच म्हणाले, "अहो मावशी, कुणी बघितलं नाही."

"जाळीला कळलं ना. उद्या कुठल्या तोंडाने तिला मोजू?"

दहा-दहा झाले. आता एकेक सर्व्हिस, आणि दोन गुणांनी पुढे जाईल तो जिंकणार. भाऊंचा चेहरा पाहून मावशी म्हणाल्या, "मुद्दाम जाळीत घालाल तर बॅट ठेवून जाईन. दान नको मला. खेळा नीट!"

भाऊ नीट खेळले. बारा-दहा. मावशी हरल्या.

त्या क्षणी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता. माझी मान सव्वापंधरा सेंटिमीटरचीच होती, पण मला वाटलं छताला टेकली.

टेबल दुमडून भिंतीला लागलं, कपाटं आली. फाईलभाऊंनी स्वतः मला सोडवलं आणि घडी घालून मावशींच्या हातात दिलं. घडी वाकडी होती. मावशींनी पुन्हा घातली.

आता मी मावशींच्या घरी, जेवणाच्या टेबलावर असते. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मधे कुंपण कशाला गं? मी काय तुझ्या ताटातलं पळवते?" आठवड्याभरात त्याच बॅट घेऊन उभ्या. हरल्या की म्हणतात, चष्मा जुना झालाय. टेबल अरुंद आहे, माझी टोकं खाली लोंबतात. पण पणजीच्या माहेरी आल्यासारखं वाटतं.

रविवारी फाईलभाऊ येतात. परवा चहा पिताना संकोचून म्हणाले, "मावशी, मीही एक नेम केलाय. दर शनिवारी निकामी कागदांचा एक कप्पा वेगळा काढून डॉक्टरीणबाईंची सही घ्यायची. तीन झाले, नऊ राहिले. बारा झाले की टेबल पुन्हा उघडू. बाई हो म्हणाल्यात." मावशींनी नाडी सोडली आणि शाईची खूण पुसट झाली होती, ती गडद केली.

मी वाट बघतेय. घाई नाही. ताणून राहायची सवय आहे मला.

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्हीही एखादा नेम करा. उपास नको, खर्च नको. फक्त एवढंच करा: कुणी पाहिलेलं नसेल, सगळे टाळ्या वाजवत असतील आणि तुम्हाला मात्र ठाऊक असेल, तेव्हा हात वर करा आणि म्हणा, "लागली."