बंदुकीचं पुस्तक आणि मढचा मिस्त्री

डिंगोऱ्याच्या भिमाजीनं फौजेत बावीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त होऊन गावी आला, तर इथं त्याच्या हाताला स्प्रे पंप नाहीतर मोटरीचा स्टार्टर. त्यामुळे सत्त्याण्णव साली द्राक्ष बागायतदार सुदर्शनराव जीप घेऊन दारात आले आणि "भाऊ, पुण्याला चला, बंदुकांची पुस्तकं घ्यायचीत," म्हणाले, तेव्हा भिमाजी हातातला पाना टाकून तसाच उठला.

सुदर्शनरावांना जुन्या फौजी बंदुकांचा नाद लागला होता. आजोबांची ठासणीची बंदूक परवान्यासकट त्यांच्याकडे आली होती. आता आणखी एखादी घ्यावी, असं मनात होतं.

"पण आधी पुस्तक," भिमाजीनं त्यांना बजावलं होतं. "बंदूक विकणारा काय बी सांगंल. पुस्तकाला काय विकायचं नसतं."

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मालकानं तीन पुस्तकं पुढं ठेवली. पहिलं गुळगुळीत कागदाचं, पाटाएवढं, सगळं रंगीत. सुदर्शनराव त्याच्यावरून हातच फिरवत बसले. दुसऱ्यात लढायांचीच वर्णनं. तिसरं बारकं, कव्हर गेलेलं, कडांना वाळवी लागलेलं.

भिमाजी सातवी शिकलेला. इंग्रजी त्याला सुट्या भागांच्या नावांपुरतं यायचं. आपण कसलं पुस्तक निवडणार, अशी धाकधूक त्यालाही होती. मग त्याला एक सुचलं. थ्री-नॉट-थ्री रायफल त्यानं हजारदा खोलली होती. तिन्ही पुस्तकांत तेवढीच शोधायची.

रंगीत पुस्तकात ती पानभर होती. भिमाजीनं पाहिलं आणि तो हसायलाच लागला.

"राव, बोल्ट डाव्या अंगाला! फोटू उलटा छापलाय. म्हंजी हे पुस्तक करणाऱ्यानं रायफल हातात धरलेली न्हाई."

लढायांच्या पुस्तकात रायफलीचं नुसतं नाव. बारक्या पुस्तकात मात्र एकेक स्क्रू रेघांनी काढलेला, आणि चित्राशेजारी पेन्सिलीनं, मराठीत लिहिलेलं: 'दस्ता आधी फिरवू नये. पुढचं लाकूड काढावं, मग दस्ता. नाहीतर लाकूड चिरतं.'

भिमाजीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. रंगरूट असताना त्यानं नेमकं तेच लाकूड चिरवलं होतं आणि आठवडाभर शिक्षा भोगली होती. छापलेल्या चित्रात ते कुठंच दाखवलेलं नव्हतं. ज्यानं हे लिहिलं, त्याचा हात कामातला होता. भिमाजीनं पहिलं पान उलटलं. 'गेणू मिस्त्री, मु. मढ, ता. जुन्नर.'

"हे घ्या," भिमाजी म्हणाला. "आन येत्या रविवारी मढला जाऊ."

सुदर्शनरावांनी ते घेतलं. रंगीतही घेतलं, बैठकीच्या खोलीत शोभेल म्हणाले.

मढला घर लगेच सापडलं. गेणू मिस्त्री चार वर्षांपूर्वी वारला होता. ओसरीवर त्याची बायको सरूबाई वाल सोलत बसली होती. पुस्तक पाहिल्याबरोबर तिनं ओळखलं.

"पोरानं रद्दीत घातली सगळी. विंग्रजी कोण वाचतंय, म्हनला. मालक पुण्याला कँपात व्हतं, बंदुकीच्या दुकानात. तीस वरीस." ती उठली, आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून एक जाड वही घेऊन आली. "ही तेवढी ठिवली मी. त्यांच्या हातची हाय म्हनून. मला वाचाया येत न्हाई."

भिमाजीनं वही उघडली आणि सुदर्शनराव त्याच्या खांद्यावरून वाकले. दुरुस्तीला आलेली प्रत्येक जुनी बंदूक तिथं होती: कुठला शिक्का खरा, कुठली नळी बदललेली, नकली नंबर कसा ओळखायचा. अशी माहिती त्या तिन्ही पुस्तकांत मिळून नव्हती.

"मोठ्यांदा वाचा की," सरूबाई म्हणाली.

भिमाजी वाचू लागला. स्क्रू, स्प्रिंगा, घोडे. सरूबाई वाल सोलत ऐकत होती. एका पानावर भिमाजी थबकला.

"'निरोप आज मिळाला. सरूला मुलगा झाला, तीन दिस झाले. साहेबाची बंदूक उघडीच टाकून निघालो.'"

सरूबाईचा हात थांबला.

"पुन्यांदा वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं.

"चवथ्या दिशी आलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनलं, निरोप उशिरा गावला. मी म्हनलं, खोटं. काम सुटलं नसंल. लई वरसं बोलून दाखवलं मी त्यांना." मग ती हसली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. "आन येकदा बी म्हनलं न्हाई, की वहीत लिव्हलंय."

सुदर्शनरावांनी वही विकत मागायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. पण सरूबाईला कळलं.

"वही न्हाई मिळायची, पावणं. तुमाला लागंल ते हितं बसून उतरून घ्या. पर पयलं मला वाचून दावायचं."

"एवढी वही? लई रविवार लागतील, मावशी," भिमाजी म्हणाला.

"मग लागू द्यात की," म्हणत ती चहा टाकायला आत गेली.

सुदर्शनरावांनी त्या वर्षी बंदूक काही घेतली नाही. दोन बघितल्या, दोन्ही वहीपुढं टिकल्या नाहीत. रविवारी मात्र जीप न चुकता मढच्या रस्त्याला असायची.