निळ्या झाकणाखालची पूड

ट्रक उभे करायच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. दाजींच्या ट्रकला पाझर फुटला होता! डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते, तिच्याखाली रोज सकाळी पांढरीशुभ्र पूड उगवायची. खरवडली तरी दुसऱ्या दिवशी हजर. लोक रांगेत ताटकळले होते आणि महाराज बॉनेटला टेकून पुड्या वाटत होते.

"लोखंड रडतंय, बाळांनो! जशी श्रद्धा, तशी पुडी. ट्रक धुवू मात्र नका, कृपा वाहून जाईल!"

मास्तर कोपरं मारत पुढे घुसले. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाला तमाशात रस नव्हता. त्यांची थोरली बहीण, म्हणजे दाजींची बायको, अंथरुणाला खिळली होती. तिची मूत्रपिंडं कधीच निकामी झालेली. डायलिसिसच्या मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, एवढ्यावरच ती तगून होती. आणि दाजींनी तिला तिकडे नेणंच बंद केलं होतं.

"दाजी, ताईचे पाय सुजलेत. बोलताना धाप लागतेय. आत्ताच्या आत्ता चला."

"मेहुणे, मशीन रक्तातलं सत्त्व ओढून घेतं, असं महाराज म्हणाले. मी तिला सकाळ-संध्याकाळ चमचाभर पूड देतोय. पडेल उतार."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते सरळ ट्रकखाली शिरले. नळीच्या तोंडाशी क्लॅम्प ढिला होता, स्क्रूवर पेचकसाचे ताजे ओरखडे होते आणि थेंब थेंब गळत होतं. मग केबिनमध्ये चढून त्यांनी चावी फिरवली. टाकी रिकामी होत आल्याचा इशारा देणारा दिवा दिसेना. चाचपलं, तर वर काळी चिकटपट्टी.

"ही कुणी लावली?"

"महाराजांच्या शिष्यानं. दृष्ट लागू नये म्हणून."

"या टाकीत काय भरता, दाजी?"

"युरियाचं पाणी. धुरातलं विष मारायला. सगळेच भरतात की!"

"आणि सांडला तर?"

"लगेच धुतो. वाळू देत नाही कधी."

"म्हणूनच वाळलेला तुम्ही कुणी पाहिला नाही!"

मास्तरांनी टाकीतलं चमचाभर पाणी डब्याच्या झाकणात पसरलं आणि उन्हानं तापलेल्या बॉनेटवर ठेवलं. बघता बघता पाणी उडालं आणि मागे पांढरीशुभ्र पूड उरली. गर्दीत कुजबुज झाली.

"नास्तिकाची नजर पडली!" महाराज गरजले. "आता पाझर आटणार!"

"आटणारच. मी क्लॅम्प आवळलाय."

दोघे-चौघे हसले. दाजी हसले नाहीत. मास्तरांनी त्यांचा हात धरला. "दाजी, आपल्या शरीरातही युरिया तयार होतो. मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. ताईची टाकत नाहीत, म्हणून मशीन टाकतं. आणि तुम्ही तिला तोच..." दाजी गर्दी सारत घराकडे धावले.

ताईला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण हृदयानं साथ दिली नाही. "फार उशिरा आणलंत," एवढंच ते म्हणाले. मास्तर लहान मुलासारखे रडले.

सुतक सरताच दाजी मास्तरांना घेऊन आवारात आले. महाराजांनी दुसरा ट्रक गाठला होता. रांग तेवढीच. दाजी केबिनच्या पायरीवर चढून ओरडले, "माझ्या बायकोला मी मारलं! पुडीनं थोडं, चुकवलेल्या मशीननं जास्त. घरी कुणी आजारी असेल तर डॉक्टरकडे न्या. अन् पांढरं काही दिसलं, तर कुठनं गळतंय ते शोधा, क्लॅम्प आवळा, पाण्यानं धुवा. हात जोडायच्या आधी हात लावून बघा रे!"

महाराज पुड्या वाटतच राहिले. रांगेतली एक म्हातारी पदराच्या गाठीतली पुडी चाचपत पुढे आली.

"वाईट झालं बाबा. पण माझ्या लेकाची मूत्रपिंडं धड आहेत. त्याला नुसत्या फिट येतात. त्याला चालेल ना?"

दाजी खाली उतरले आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मागची रांग दोघांना वळसा घालून पुढे सरकली.