माडाच्या कोंबातला भुंगा

कात्रीने त्रिकोण कापावेत तशा कुरतडलेल्या झावळ्या. तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी. गुडघ्याला बांधलेला पट्टा. हातभर लांबीची लोखंडी आकडी.

बाळकुममध्ये धाकू पाटलांच्या दारात आता एकच माड उरला आहे. त्याचा शेंडा समोरच्या इमारतीतल्या शीलाताईंच्या बाल्कनीसमोर येतो. सकाळी त्यांनीच धाकूंना वर बोलावलं. सोबत त्यांचा तरणा मुलगा हरेश आला.

"ते बघा काका, आत शिरतोय."

कोंबाच्या बुडाशी गेंड्या भुंग्याची काळी पाठ दिसत होती. फावड्यासारख्या दातेरी पायांनी तो गाभा उकरून भुसा मागे लोटत होता.

"मागून ओढला तर?" हरेशने विचारलं.

"नाय येत. पायाला काटे, डोक्यावर शिंग. ओढलास की आतच रुतून बसतो. आकडीने भोसकूनच काढायचा. एकदा कोंब खाल्ला की माड गेला."

आकडी धाकूंच्या हातात होती. शेंडा बाल्कनीपासून दहा हात लांब होता, आणि गुडघ्यांमुळे त्यांना जिनासुद्धा कठडा धरून चढावा लागला होता. नारळ काढणारा परवा येतो म्हणाला होता.

"मी चढू, बाबा?"

"चढशील रे. उतरवायला फायर ब्रिगेड बोलवावी लागेल."

शीलाताई हसल्या. भुंगा पूर्ण आत गेला. भोकाच्या तोंडाशी ओला भुसा तेवढा राहिला. धाकू आकडी धरून बघत राहिले.

हरेश नऊ वर्षांचा असताना याच माडावर अर्ध्यापर्यंत चढला होता, आणि धाकूंनी त्याला खाली बोलावून मारलं होतं.